दुष्काळ, अवर्षण आणि त्यांचा अभ्यासक

इंग्रजीत ज्याला 'ड्रॉट' (drought) म्हणतात त्या विषयावर संशोधन करणाऱ्या आणि ते सर्वसामान्यांना समजावून सांगणाऱ्या शास्त्रज्ञाला मराठीत 'दुष्काळतज्ज्ञ' म्हणावे, ही सूचना मला पटत नाही, आणि अडचण 'दुष्काळ' या शब्दातच आहे. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. अन्न, चारा आणि पाणी यांची ददात निर्माण झाली की तो पडला असे आपण म्हणतो. म्हणूनच अतिवृष्टीने पिके कुजली तर त्याला 'ओला दुष्काळ' म्हणताना कोणी अडखळत नाही. 'ओला ड्रॉट' मात्र कोणी म्हणणार नाही. दुष्काळ हा माणसांपर्यंत पोहोचलेला परिणाम आहे आणि हा शास्त्रज्ञ मुख्यतः त्याच्या आधीची अवस्था मोजत असतो.

मग 'अवर्षण' घ्यावा काय? तो रूढ आहे, पण पुरता बसत नाही. ड्रॉट किती तीव्र आहे हे आकड्यात सांगणाऱ्या निर्देशांकांपैकी १९९३ मध्ये मांडला गेलेला प्रमाणित पर्जन्य निर्देशांक केवळ पाऊस पाहतो, तेथे हा शब्द चपखल आहे. अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ वेन पामर यांच्या १९६५ च्या निर्देशांकात मात्र तापमान आणि मातीतील ओलावा यांचाही हिशेब येतो. हवा एक अंश सेल्सिअसने तापली की तिची बाष्प सामावण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, त्यामुळे सरासरीइतका पाऊस पडूनही जमीन लवकर वाळू शकते. अशा वर्षाला अवर्षणाचे वर्ष म्हणायचे, तर पडलेला पाऊस कोठे गेला असे कोणीही विचारील. ('शुष्कता' तर नकोच. तो वाळवंटाचा कायमचा गुण आहे. येथे एखाद्या प्रदेशाने स्वतःच्याच सरासरीखाली जाणे अभिप्रेत आहे.)

नुसते 'हवामानशास्त्रज्ञ' म्हणावे, तर समोरचा उद्याच्या पावसाचा अंदाज विचारतो. शालेय भूगोलात 'हवा' आणि 'हवामान' असा भेद शिकवला जातो खरा, पण बोलण्यात तो टिकलेला नाही.

त्यामुळे खोट मान्य करूनही 'अवर्षण-अभ्यासक' हाच शब्द मी वापरीन, कारण तो निदान कारणाच्या बाजूने बोलतो. याच व्यक्तीने लोकांशी बोलताना मात्र 'दुष्काळ' खुशाल म्हणावे, विषय माणसांच्या हालांचा असेल तर.

कामाच्या दुसऱ्या अंगासाठी 'विज्ञानप्रसारक' पुरेसा आहे. 'प्रचारक' म्हटले की तो कोणाची तरी बाजू घेऊन आला आहे असे वाटते. या कामातही प्रश्न शब्दांचाच असतो. प्रमाणित पर्जन्य निर्देशांक 'उणे दीड' आला, हे वाक्य सहकाऱ्याला पुरते, श्रोत्यांना त्यातून काहीच कळत नाही. "इतका कमी किंवा याहूनही कमी पाऊस १०० वर्षांपैकी साधारण ७ वर्षांतच पडतो," असे म्हटले की तोच आकडा मराठीत येतो.