नकाशावरचं साल आणि सर्वेक्षणाचं साल

'1955च्या नकाशात तलाव नाही, म्हणजे तो त्यानंतरचा' असा तर्क जुने नकाशे पाहताना केला जातो, पण मला तो अर्धाच पटतो. नकाशावरचं साल बहुतेक वेळा छपाईचं असतं. प्रत्यक्ष मोजणी त्याआधी काही वर्षं झालेली असू शकते, म्हणून समासातला बारीक मजकूर आधी वाचावा. अमेरिकेच्या यूएसजीएस या सरकारी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या जुन्या नकाशांवर (1884पासूनचे स्कॅन फुकट मिळतात) जांभळ्या रंगात काही रस्ते, इमारती दिसतात. तो रंग म्हणजे हवाई छायाचित्रांवरून केलेली नंतरची दुरुस्ती, बऱ्याचदा जागेवर जाऊन न पडताळलेली. म्हणजे एकाच कागदावर दोन काळ! कृष्णधवल स्कॅन घेतलात तर हा पुरावाच गेला.

दुसरं म्हणजे डेटम, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या आधारचौकटीवर मोजतात ती. एका नदीचं पात्र सत्तर-ऐंशी मीटर सरकलंय म्हणून मी दोन दिवस हरखून होतो. मग लक्षात आलं की शेजारचा रेल्वेमार्गही तेवढाच, त्याच दिशेला सरकलाय! जुना नकाशा एनएडी 27 या उत्तर अमेरिकेच्या 1927च्या डेटमवर होता, नवा एनएडी 83वर, म्हणजे 1983च्या. सरकली होती ती चौकट, नदी नव्हे. तेव्हापासून आधी न हलणाऱ्या खुणा जुळवतो, रेल्वेचे पूल, त्रिकोणमितीय ठाणी (सर्वेक्षणाचे पक्के संदर्भबिंदू) वगैरे, आणि मगच नदीकडे वळतो.