स्किनरच्या रिसाल्याचा पिवळा नेमका कुठला? जुन्या चित्रांवर किती विसंबायचं?

रंगारी_५४
चार महिने झाले, टेबलावर बारा घोडेस्वारांच्या छोट्या मूर्ती प्रायमर (रंगाआधीचा थर) मारून उभ्या आहेत. ५४ मिमीच्या, स्किनर्स हॉर्स या रिसाल्याच्या. अंगरखा पिवळा, इथवर वाद नाही. जेम्स स्किनर आधी शिंद्यांच्या कवायती फौजेत होता. १८०३ मध्ये इंग्रजांशी जुंपली तेव्हा शिंद्यांचा फ्रेंच सेनापती पेराँ याने त्याला काढलं, तो इंग्रजांच्या जनरल लेककडे गेला, आणि त्याच्या हाताखाली जो रिसाला उभा राहिला त्याला अंगरख्यांवरूनच ‘यलो बॉईज’ म्हणू लागले. पण पिवळा कुठला? मूर्तींच्या पेटीवरच्या चित्रातला मला मुंबईच्या टॅक्सीच्या टपासारखा वाटतो.

माझं मत: अशा वेळी त्या काळच्या, त्या गावच्या चित्रकाराचं ऐकावं. दिल्लीच्या गुलाम अली खानने १८२७ मध्ये स्किनरचा दरबार रंगवला आणि १८२८ मध्ये फौजेच्या पाहणीहून परतणारा रिसाला. दोन्ही खुद्द स्किनरने काढून घेतलेली. आपल्याच रिसाल्याचा रंग चुकलेला त्याला खपला असता? दिल्लीतला कंपनीचा अधिकारी विल्यम फ्रेझर याने १८१५ ते १८१९ च्या सुमारास करवून घेतलेल्या चित्रांतही याच रिसाल्याचे स्वार आहेत. मी तर सरळ चित्र समोर ठेवून रंग कालवणार.

हळदीचा_डाग
साफ असहमत. चित्रकाराचा पिवळा आणि कापड रंगवणाऱ्याचा पिवळा एका दुकानात मिळत नाहीत हो. कागदावर हरताळ (पिवळं खनिज) चालतो, कापडाला हरताळ लावून दाखवा. कापडासाठी हळद, पळसाची फुलं, पारिजातकाचे देठ. त्यातली हळद म्हणजे काय चीज आहे ते घरात विचारा: लग्नात माखलेला सदरा साबणाला लागला की लाल, उन्हात टाकला की चार दिवसांत फिक्का. अंगरखा कशात बुडवला होता हे चित्र सांगत नाही. ते फक्त चित्रकाराच्या रंग कालवायच्या शिंपल्यात काय होतं ते सांगतं.

शिवाय चित्रही म्हातारं होतं. शिशाचा सफेदा हवेतल्या गंधकाने काळवंडतो, शेंदूर काळपट पडतो, हरताळ उजेडाने उडतो. दोनशे वर्षांनी तुम्ही जे कालवणार ते रोगट चित्राचं कालवणार.

बखरबहाद्दर
उजेडाने उडतो, मान्य. पण बासनात उजेड कुठला? फ्रेझरची चित्रं दीडशेहून जास्त वर्षं स्कॉटलंडात घरच्या कागदपत्रांत पडून होती, भिंतीवर नव्हती. आणि चित्र सोडून धरणार काय? लिखाणात ‘पिवळा’ एवढा एक शब्द. त्यावरून रंगाची बाटली निवडता येते का? छापील चित्रांचं तर बोलूच नका. काळ्या ठशावर हाताने रंग भरायचे, एकाच चित्राच्या दोन प्रतींत कोटाचा रंग वेगळा निघायचा. धागाकर्त्याशी सहमत.

केसरिया
दोघंही चुकताय. स्किनरची आई रजपूत. मरायला निघालेला रजपूत केसरिया करतो, तोच हा रंग. म्हणजे केशरीकडे झुकणारा. माझे तसेच रंगवलेत, झकास दिसतात.

बखरबहाद्दर
@केसरिया, गोष्ट छान आहे, रिसाल्याची परंपराही तीच सांगते. पण गोष्टीवरून छटा ठरवायची तर आपण सगळे गणपतीच रंगवू या. पिवळा का घेतला हा एक प्रश्न, किती पिवळा होता हा दुसरा.

कुंभारवाडा
थोडं अवांतर. आपल्या डोळ्यांत मावळा म्हटलं की दिवाळीच्या किल्ल्यावरचा मातीचा मावळा असतो. सगळ्यांचं पागोटं एकाच लाल रंगात बुडवलेलं, मिश्या एकाच कुंचल्याच्या. शिवकाळात फौजेला एकसारखा सरकारी गणवेश नव्हता. पण एकसारखे मावळे न दिसता किल्ला मांडला तर शेजारची मुलं विचारतात, ‘काका, हे कुठल्या सैन्यातले?’ चित्रकारावरही असाच दबाव असणार. ओळीत उभा रिसाला ओळीसारखाच दिसायला हवा.

शिलेदार_नगरचा
कुंभारवाडा, दुखरी नस पकडलीत. स्किनरचा रिसाला शिलेदारी पद्धतीचा. शब्द आपलाच. घोडा, शस्त्र, कपडा सगळं स्वाराच्या पदरचं, पगारातून. एकाचा अंगरखा गेल्या वर्षीचा, दुसऱ्याचा परवा शिवलेला. बारा स्वारांचा एकच पिवळा शोधणं हाच मुळात खुळेपणा आहे. आणि १८२८ चं ते चित्र पाहणीहून परतणाऱ्यांचं. त्या दिवशी कोण विटका अंगरखा घालून गेलं असेल? गुलाम अली खान खोटा नाही, पण त्याने सणाचा दिवस रंगवलाय. तुमचे स्वार भाले परजून धावताहेत ना?

रंगारी_५४
धावताहेत. हा मुद्दा मला लागला. पण हळदीचा डाग यांचं सगळं नाही पटत. रंगद्रव्य वेगळं असलं तरी चित्रकार समोरच्या कापडाशी पडताळूनच कालवतो. लिंबू आणि झेंडू यातला फरक त्याला नक्की कळत होता, तेवढी साक्ष मी सोडणार नाही. म्हणजे रंगाचं कूळ चित्रावरून, विटणं उन्हावरून. दफेदाराला (तुकडीच्या नाईकाला) नवा अंगरखा देतो, बाकी अकरा कमीजास्त धुतलेले.

हळदीचा_डाग
कूळ चित्रावरून, चला, एवढं देतो. पण कुठल्या चित्रावरून? तुम्ही ते कागदावर नाही, मोबाइलवर बघताय. एकाच चित्राचे दोन फोटो उघडून शेजारी ठेवा, एकात आंबा दिसेल, एकात कैरी. शिवाय ५४ मिमीवर खरा रंग जसाच्या तसा लावला तर गडद दिसतो, थोडा पांढरा मिसळावाच लागतो. तो किती, हे गुलाम अली खानला विचारा.

केसरिया
माझे केशरीच राहणार. वार्निश मारून झालंय.