'फायनलाइज' केलेल्या सीडीला मराठीत काय म्हणावे?

जुनापुराणा
आमच्या भजनी मंडळाकडे जुन्या कॅसेटींचे दोन खोके आहेत आणि कुणीतरी देणगी म्हणून दिलेला एक सीडी रेकॉर्डर आहे. संगणकातला नव्हे, टेपडेकशेजारी ठेवायचा स्वतंत्र. इकडे कॅसेट वाजवायची, तिकडे सीडीवर भरायची. यंत्र ज्येष्ठ मंडळी हाताळणार, म्हणून त्यावर चिकटवायला पानभर मराठी सूचना लिहितो आहे. 'रेकॉर्ड'साठी 'भरणे' लिहिले, त्यावर कुणाची हरकत नाही. घोडे अडले आहे 'फायनलाइज'पाशी, म्हणजे भरलेली सीडी इतर प्लेअरवरही वाजावी म्हणून शेवटी करायच्या पायरीपाशी. कोशात 'अंतिम रूप देणे' सापडते. बटणाशेजारी ते कसे लिहायचे?

सुईखाली
'भरणे' झकास. कॅसेटच्या दुकानात गाण्यांची यादी देऊन 'भरून ठेवा' सांगायचो, तोच शब्द. पुढे मुले 'सीडी मार' म्हणू लागली, झेरॉक्स मारतात तशी. संगणकावर ते शोभतेही, पण कॅसेटवरून घेताना साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटे बसावेच लागते. मारण्यातली घाई तिथे चालत नाही.

'अंतिम' मात्र नको. 'अंतिम सीडी' म्हणजे शेवटची सीडी असेच कुणीही समजेल. 'पूर्ण करणे'ही फसवे आहे. ८० मिनिटांची जागा संपली की सीडी पूर्ण झालीच, पण फायनलाइज झालेली नसते. उलट वीसच मिनिटे भरून फायनलाइज केली, तर साध्या सीडी-आरवर (एकदाच भरता येणाऱ्या सीडीवर) उरलेला तासभर कायमचा वाया.

दुकानदार
संगणकाच्या मेनूत 'क्लोज' असायचे. पण 'बंद सीडी' म्हटले की गिऱ्हाईक ती परत घेऊन येणार. आम्ही 'फायनल मारली का रे?' एवढेच विचारायचो. तेच लिहा की.

जुनापुराणा
'फायनल' वाचले की आमचे अध्यक्ष 'मॅच कुणाची?' विचारतील. शिवाय ही पायरी कशासाठी, ते शब्दातूनच थोडे उमगले तर बरे. न केलेली सीडी आमच्या रेकॉर्डरवर वाजते, पण घरच्या प्लेअरमध्ये घातली की 'नो डिस्क' येते. मंडळींना वाटते गाणी पुसली गेली.

लेसरवाला
शब्द शोधण्याआधी यंत्र काय करते ते पाहू या, म्हणजे निम्मे काम होईल.

ऑडिओ सीडीचे नियम १९८० च्या 'रेड बुक'मधले, फिलिप्स आणि सोनीचे. त्यात सीडी कारखान्यात छापूनच येणार असे गृहीत होते. अशा सीडीच्या सुरुवातीला, म्हणजे आतल्या कडेला (सीडी आतून बाहेर वाचली जाते), 'लीड-इन' नावाचा पट्टा असतो. कोणता ट्रॅक कुठे सुरू होतो याची सूची त्यात असते, तिला टीओसी म्हणतात. गाणी संपली की 'लीड-आऊट'. प्लेअर आधी सूची वाचतो, मगच गाण्याकडे वळतो.

घरी भरायच्या सीडी-आरचे नियम १९९० च्या 'ऑरेंज बुक'मध्ये आले. आता पंचाईत अशी की आज दोन भजने भरली, उद्या तीन भरायची आहेत, तर सूची आजच कशी लिहिणार? लिहिलेले खोडता येत नाही. म्हणून लीड-इनच्याही आत एक छोटी जागा राखून ठेवली, पीएमए. तुम्ही 'स्टॉप' दाबल्यावर यंत्र काही क्षण घुटमळते ना, तेव्हा ते तिथे तात्पुरती नोंद करत असते. ही नोंद रेकॉर्डरला वाचता येते. साधा प्लेअर तिकडे फिरकतच नाही. फायनलाइज म्हणजे त्या नोंदींवरून लीड-इनमध्ये कायमची सूची लिहायची आणि शेवटी लीड-आऊट लिहायचे. लीड-इन सुमारे एक मिनिटाचे, लीड-आऊट दीड मिनिटाचे. त्यामुळे साध्या वेगाच्या यंत्राला तेवढी मिनिटे लागणारच. ते अडकले असे समजून कुणी प्लग काढू नये. आणि भारनियमनाची वेळ असेल तर हे काम मुळीच काढू नये; मध्येच वीज गेली तर सीडी बहुधा हातची जाते.

मोडीवाचक
लेसरवाल्यांनी सांगितले त्यावरून मला एकच शब्द सुचतो: शिक्कामोर्तब. आज आपण तो नुसत्या 'मान्यता' या अर्थाने वापरतो, पण मुळात या दोन वेगळ्या गोष्टी. शिवकालीन पत्रात शिक्का माथ्यावर, मोर्तब तळाशी. महाराजांची 'प्रतिपच्चंद्रलेखेव' ही मुद्रा वर, आणि मजकूर संपला की 'मर्यादेयं विराजते'. मोर्तब उमटले की पत्राची मर्यादा ठरली, त्याखाली कुणाला ओळ घुसडता येणार नाही. तुमचे लीड-इन आणि लीड-आऊट नेमके त्याच दोन जागी बसतात आणि तेच काम करतात. 'सीडीवर शिक्कामोर्तब करा' असे लिहा.

दुकानदार
काका, सुंदर. पण बटणाच्या कडेला बोटभर जागा आहे.

सुईखाली
आणि शिक्कामोर्तब न झालेल्या सीडीला काय म्हणणार? शब्द निवडताना ही दुसरी बाजू बघायला हवी, कारण घोटाळा तिथेच होतो. मला 'पक्की करणे' बरे वाटते. कच्ची पावती आणि पक्की पावती मंडळातल्या प्रत्येकाला माहीत आहे. कच्ची आपसात चालते, बाहेर दाखवायला पक्की लागते. पीएमएतली नोंद कच्ची, लीड-इनमधली पक्की. सगळे आपोआप बसते.

जुनापुराणा
'कच्ची सीडी' म्हणजे न भरलेली असे कुणाला वाटणार नाही?

सुईखाली
तिला 'कोरी' शब्द आहे ना. कोरी, कच्ची, पक्की. कोरीवर भरता येते, कच्चीवर आणखी भरता येते, पक्कीवर नाही.

लेसरवाला
हे मला पटले, आणखी एका कारणाने. सीडी-आरडब्ल्यू (पुसून पुन्हा भरता येणारी) असेल तर रेकॉर्डर फायनलाइज केलेले उलटवू शकतो, फक्त सूची पुसून. 'पुन्हा कच्ची करणे' असे सरळ म्हणता येईल. शिक्कामोर्तबाला उलटा शब्द करायला गेलो तर बंडखोरी वाटेल! मात्र आरडब्ल्यू पक्की करूनही जुन्या प्लेअरवर वाजेलच असे नाही. तिच्यावरून लेसरचा प्रकाश सीडी-आरपेक्षा खूपच कमी परावर्तित होतो. वाटायच्या सीडींसाठी सीडी-आरच घ्या, आणि घरगुती रेकॉर्डर असेल तर वेष्टनावर 'डिजिटल ऑडिओ' लिहिलेलीच. संगणकाची स्वस्त सीडी ही यंत्रे घेत नाहीत. दोष सीडीचा नसतो. घरगुती नकलांवरच्या शुल्कासाठी ऑडिओ सीडीवर वेगळी खूण असते, ती यंत्र तपासते.

मोडीवाचक
कच्ची-पक्की मान्य. शिक्कामोर्तब मी पानाच्या मथळ्यासाठी सुचवून ठेवतो.

जुनापुराणा
मसुदा असा:
'१. कोरी सीडी घाला. २. कॅसेट लावून आवाजाची पातळी बघा, काटा लाल रेघेपर्यंत जाऊ देऊ नका. ३. भरा. ४. सगळी भजने भरून झाली की सीडी पक्की करा. पक्की होईपर्यंत यंत्र बंद करू नका. कच्ची सीडी फक्त याच यंत्रावर वाजते.'

दुकानदार
तिसऱ्यानंतर एक ओळ घाला: 'ट्रॅक मोजा.' यंत्र शांतता ऐकून नवा ट्रॅक पाडते, आणि जुन्या कॅसेटच्या खरखरीत त्याला शांतता सापडतच नाही. मग दहा भजनांचा एकच ट्रॅक होतो. 'ट्रॅक'ला मराठी शब्द शोधायचा असेल तर वेगळा धागा काढा. आणि चौथ्यात 'सगळी भजने' नको, 'या सीडीवरची सगळी भजने' लिहा, नाहीतर दोन्ही खोकी संपेपर्यंत कुणी एकही पक्की करणार नाही.