मोहोर काळा पडतोय, स्कूटर चिकट होतेय. काय करू?

रंकाळाकाठची
दारात रायवळ आंबा आहे, सासऱ्यांनी कोयीपासून लावलेला. जानेवारीत असा मोहरला की पानं दिसेनात. सासूबाईंनी तेव्हाच लोणच्याची बरणी खाली काढली. आता शिवरात्र झाली. थंडी शिव शिव म्हणत गेली म्हणावं, तर रात्री परत गोधडी लागते. पहाटे दूध आणायला स्वेटर, अकरा वाजता पंखा. त्यात मागच्या आठवड्यात तीन दिवस आभाळ आलं आणि कुरडयांसाठी भिजत घातलेले गहू आंबून गेले.

मोहोराच्या दांड्यांवर पांढरी पिठी आहे, बोटाला लागते. फुलं काळी पडून गळतात. झाडाखालची स्कूटर तर सकाळी अशी चिकट, की गुऱ्हाळाच्या काहिलीवर बसल्यागत वाटतं. औषध मारू का? मोहोर जाईल का सगळा?

करवीरचा शेतकरी
ताई, दोन दुखणी एकदम आलीत. पांढरी पिठी म्हणजे भुरी. गार रात्र आणि ढगाळ हवा तिला मानवते. चिकट आहे ते तुडतुड्यांचं. ते मोहोरातला रस पितात आणि गोड पाणी खाली सोडतात, मग त्यावर काळी बुरशी चढते. फांदी हलवून बघा, टकटक करत उडतील.

भुरीला पाण्यात मिसळणारं गंधक, ८० टक्क्यांचं, लिटरला २ ग्रॅम. ऊन उतरल्यावरच मारा, भर उन्हात मारलं तर मोहोर करपतो. आणि आत्ता बुडात पाणी अजिबात सोडू नका. कैरी वाटाण्याएवढी झाली की मग द्या.

सायकलवाला
काका म्हणतात ते बरोबर, पण तुडतुड्यांसाठी जहाल कीटकनाशक फुलोऱ्यात नको. आंब्याचं परागीभवन माश्याच करतात, मधमाशाही आणि साध्या घरमाशाही. त्या मेल्या तर राहिलेला मोहोर नुसता शोभेला. गळ बघून घाबरू पण नका. मोहोरात नरफुलंच जास्त असतात, ती गळणारच. एका तुऱ्यात हजारभर फुलं असली तरी शेवटी दोन-तीन आंबे टिकले तरी खूप.

बाकी घरात बसून झाडाकडे बघत बसण्यापेक्षा रविवारी पन्हाळ्याकडं जाऊन या. काल वाघबीळ चढताना दम खायला थांबलो तर सावरीचं एक फूल हेल्मेटवर धप्प पडलं. जाड, मेणचट, आत थेंबभर गोड पाणी. वर साळुंक्यांची नुसती भांडणं. पळसही पेटलाय.

करवीरचा शेतकरी
माश्यांचं मान्य. निंबोळी अर्क संध्याकाळी मारा, पण गंधकाच्या दिवशी नको, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या. एकत्र केलं तर पानं भाजतात.

रंकाळाकाठची
दहा दिवसांनी सांगते. गंधक एकदाच मारलं, संध्याकाळी सहाला. मी शिडीवर आणि सासूबाई खालून "तिकडं राहिलं, तिकडं राहिलं". भुरी थांबलीय. पहिला मोहोर निम्मा गेला, पण दक्षिणेच्या फांदीवर उशिरा आलेला तुरा शाबूत आहे. त्यात मोहरीएवढ्या कैऱ्या दिसतात. काल अकरा मोजल्या, आज नऊच होत्या. तुडतुडे अजून आहेत, निंबोळी पुढच्या आठवड्यात.

स्कूटर सध्या शेजारच्या काकूंच्या दारात लावते. का, ते त्यांना सांगितलेलं नाही. त्यांनाही आंबा लावायचाय म्हणे.