रिकर्शनने रिक्वेस्ट ऑब्जेक्ट तयार करताना ‘अनडिफाइन्ड’ का मिळते?

महापे_काटा: नमस्कार. महापे एमआयडीसीतील एका गोदामाच्या वजनकाट्यावर आमचे एक जुने वेबपान एज ब्राउझरच्या आयई (इंटरनेट एक्सप्लोरर) मोडमध्ये चालते आणि काट्याचा आकडा सर्व्हरला पाठवते. सर्व्हरशी बोलणारे रिक्वेस्ट ऑब्जेक्ट तयार करण्यासाठी मी रिकर्सिव्ह फंक्शन लिहिले आहे. ते ॲरेतील क्रमांक घेते, त्या क्रमांकाच्या ॲक्टिव्हएक्स (विंडोजमधील तयार सॉफ्टवेअर-घटक) नावाने ट्रायमध्ये ऑब्जेक्ट तयार करून परत देते, आणि ते फसले तर कॅचमध्ये क्रमांक एकने वाढवून स्वतःलाच कॉल करते. ॲरेत ‘एमएसएक्सएमएल२.एक्सएमएलएचटीटीपी’चे ४.०, मग ३.० आणि शेवटी ‘मायक्रोसॉफ्ट.एक्सएमएलएचटीटीपी’ अशी तीन नावे आहेत. माझ्या संगणकावर सारे सुरळीत चालते. काट्यावरच्या संगणकावर मात्र पुढच्याच ओळीत ओपन कॉल केला की ऑब्जेक्ट ‘अनडिफाइन्ड’ असल्याची एरर येते. घरी ठाण्याला क्रोममध्ये चालवून पाहिले, तर कॉल स्टॅकची मर्यादा ओलांडल्याची एरर आली. असे का होत असावे?

तलावपाळी: कॅचमध्ये तुम्ही कॉल केला आहे, पण त्याच्या आधी ‘रिटर्न’ लिहिलेले नाही, असा माझा अंदाज आहे. एमएसएक्सएमएल ४.० (ही ऑब्जेक्ट देणारी मायक्रोसॉफ्टची लायब्ररी) विंडोजसोबत येत नाही, ते वेगळे बसवावे लागते. तुमच्या संगणकावर ते कुठल्यातरी जुन्या सॉफ्टवेअरबरोबर आलेले असणार, म्हणून तिथे कॅचपर्यंत जाण्याची वेळच येत नाही. काट्यावर ४.० फसते, दुसऱ्या कॉलमध्ये ३.० चे ऑब्जेक्ट नीट तयारही होते, पण पहिला कॉल ते पुढे देत नाही. क्रोममध्ये ॲक्टिव्हएक्स मुळातच नाही, त्यामुळे प्रत्येक प्रयत्न फसतो; आणि ॲरेच्या टोकापलीकडे वाचले तरी जावास्क्रिप्ट एरर देत नाही, नुसते ‘अनडिफाइन्ड’ देते, म्हणून फंक्शन थांबतच नाही. क्रमांक ॲरेच्या लांबीइतका झाला की स्पष्ट संदेशासह एरर थ्रो करा. ही तपासणी ट्रायच्या बाहेर, फंक्शनच्या पहिल्याच ओळीत हवी, नाहीतर तुमचाच कॅच ती एरर गिळून टाकेल. यादीतून ४.० काढा, आधी ६.० आणि मग ३.० ठेवा.

ऐरोलीकर: यादीच्याही आधी साधे ‘न्यू एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट’ करून पाहा. २००६ च्या आयई ७ पासून ते ब्राउझरमध्येच आहे, त्यामुळे आयई मोडमध्येही ॲक्टिव्हएक्सची गरज सहसा पडत नाही. पान थेट डिस्कवरच्या फाइलमधून उघडून स्थानिक फाइल वाचायची असेल तरच पडते, कारण आयईचे हे ऑब्जेक्ट तशी फाइल वाचत नाही. ट्राय-कॅच मात्र राहू द्या. ‘विंडो.ॲक्टिव्हएक्सऑब्जेक्ट’ आहे का, अशी इफची तपासणी आयई ११ मध्ये फसवते: तपासले तर ते नाही असे दिसते, पण वापरले तर चालते. तीन नावांसाठी मी स्वतः साधा लूप लिहिला असता, पण तो आवडीचा प्रश्न आहे.

महापे_काटा: ‘रिटर्न’ खरोखरच राहिले होते, आता काट्यावर पान चालते आहे. आभारी आहे. याच फंक्शनची एक प्रत गेटपासच्या पानावर आहे. तिथे ओपन, सेंड आणि आलेला जेसन (डेटा पाठवण्याचे मजकुरी स्वरूप) वाचणे हे सगळेच मी ट्रायमध्ये घातले आहे. सेंड सिंक्रोनस आहे, म्हणजे उत्तर येईपर्यंत कोड तिथेच थांबतो. तसे चालेल का?

तलावपाळी: मुळीच नाही. ट्रायमध्ये फक्त ऑब्जेक्ट तयार करण्याची ओळ ठेवा. सर्व्हरने नोंद करून घेतली आणि उत्तरात जेसनऐवजी एचटीएमएल पाठवले, तर जेसन वाचताना एरर येईल, कॅचला वाटेल की ऑब्जेक्टच मिळाले नाही, आणि पुढच्या नावाने तीच नोंद पुन्हा जाईल. शिवाय सर्व्हरने ५०० (सर्व्हरमधील बिघाडाचा कोड) दिले तर सेंड एरर थ्रो करत नाही, त्यासाठी स्टेटस वेगळे तपासावे लागते.

महापे_काटा: म्हणजे काट्यावरच्या संगणकावर ४.० फसणार आणि उरलेली दोन नावे एकेकदा नोंद पाठवणार. मागच्या आठवड्यात एकाच ट्रकचे दोन गेटपास निघाले होते आणि मी गेटवरच्या ऑपरेटरला बटण दोनदा दाबल्याबद्दल बोललो होतो.