प्रतिसाद: दरवाजा किरकोळ नाही हो!

वर कुणीतरी म्हटलंय की बस स्वतः चालायला लागली की दार ही किरकोळ बाब. उलट तिथेच तर खरी गंमत आहे! स्कॉटलंडमध्ये 2023 साली फोर्थ रोड ब्रिजवरून अशी बस सुरू झाली, तेव्हा चालकाखेरीज प्रवाशांकडे बघायला आणखी एक माणूस ठेवला होता.

दार उघडं असताना बस हलू न देणारं इंटरलॉक जुनंच. कडेचं रबर दाबलं गेलं की दार परत उघडतं, तेही जुनंच. पण पातळ कापडाने ते रबर दबतच नाही. मागच्या पावसाळ्यात एका आजींचा पदर माझ्यासमोर दारात अडकला. दाराला पत्ताच नाही. कंडक्टरने सिंगल बेल मारली म्हणून बस थांबली. ती बेल आता कोण मारणार?

त्यात पुण्याची बीआरटी, म्हणजे फक्त बससाठी राखीव मार्गिका. स्थानकं रस्त्याच्या मधोमध, म्हणून तिथे उजवीकडचं दार. मार्गिका संपली की डावीकडचं. चालकाला हे सवयीने कळतं, यंत्राला मात्र प्रत्येक थांब्यावर खात्री करून घ्यावी लागेल. आणि संध्याकाळी सहाला पायरीवर लोंबकळणारी पोरं? दार मिटणार नाही, बस हलणार नाही, मागे हॉर्नचा नुसता कल्ला.