टीव्हीवरचे शेफ बघून स्वयंपाक येतो का? माझं मत: येतो, आणि चांगला येतो

रविवारची_कढई
मी रोज स्वयंपाक करत नाही. रविवार आणि सणाची सुट्टी, एवढेच दिवस ओटा माझ्याकडे असतो. पण जे काही येतं ते टीव्हीवरचे कार्यक्रम बघून आलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. परवा नातेवाइकांत विषय निघाला तर एक मामा म्हणाले, हे शेफ लोक म्हणजे नुसता देखावा, बघून कुणी काही शिकत नसतं. मला हे बिलकूल पटलेलं नाही.

१९९३ ला झी टीव्हीवर खाना खजाना सुरू झाला, संजीव कपूर तेव्हा जुहूच्या सेंटॉर हॉटेलात शेफ होते. तोपर्यंत आमच्याकडे पुरुष स्वयंपाकघरात जायचे ते पाणी प्यायला. आणि इथे एक माणूस हसतमुखाने, शांतपणे, जराही घाई न करता भाजी परततोय आणि घरातले सगळे बसून बघतायत! माझ्यासारख्या कितीतरी मुलांना तिथेच पहिल्यांदा वाटलं असेल की हे आपणही करू शकतो.

दुसरं म्हणजे पुस्तकात लिहिलेलं असतं 'मसाला नीट परतून घ्या'. नीट म्हणजे किती? टीव्हीवर दिसतं की मसाला कढईला चिकटायचा थांबला, गोळा होऊन फिरायला लागला, कडेने तेल सुटलं. मोहरीचा तडतडाट ओसरायला लागला की लगेच हिंग, हे मी ऐकून शिकलोय.

आणि आम्ही सारे खवय्ये आठवा. प्रशांत दामले स्वतः शेफ नाहीत, पदार्थ करायला आलेल्या ताई करायच्या आणि हे गप्पा मारत मारत नेमकं आपल्या मनातलं विचारायचे. असा माणूस समोर असला की बघणाऱ्याची भीती जाते, मला तरी तीच सगळ्यात मोठी मदत वाटते.

ठाणे_वेस्ट
दादा, राग मानू नका पण मी रोज दोन वेळचं करते म्हणून बोलते. काचेच्या बाऊलमध्ये कांदा चिरलेला, आलं-लसूण वाटलेलं, टोमॅटोची प्युरी तयार, एवढं हातात मिळालं तर कुणीही शांतपणे हसत स्वयंपाक करेल हो. ते बाऊल घासताना कधी कुणी दाखवलंय का?

आणि वेळेचं काय? टीव्हीवर कांदा गोल्डन ब्राऊन व्हायला जाहिरातींएवढा वेळ लागतो. खरं तर चार मोठे कांदे मंद आचेवर नीट लाल व्हायला २५ मिनिटं सहज जातात, आणि तेवढा वेळ तिथून हलता येत नाही. हे न कळल्यामुळे नवीन लोक गॅस मोठा करतात, कांदा कडेने जळतो, आत कच्चा राहतो, मग ग्रेव्ही कडवट. आमच्याकडेही सुट्टीला स्वयंपाक करणारे आहेत. त्यांच्या मटणाचं आठवडाभर कौतुक चालतं आणि सोमवारी गॅसमागच्या टाइल्सवरचं तेल मी पुसते.

लेस्टरकर
मी कढईदादांच्या बाजूने. इथे ब्रिटनमध्ये १९८२ ला बीबीसीवर मधुर जाफरींचा कार्यक्रम आला, त्या मूळच्या अभिनेत्री. इथल्या लोकांना आपलं जेवण घरी करायची हिंमत त्या कार्यक्रमाने दिली. समोरचा माणूस विश्वासाने बोलला की लोक करून बघतात, साधी गोष्ट आहे.

ठाणे_वेस्ट
अहो पण मधुर जाफरी स्वतः कशा शिकल्या? लंडनला नाटकाचं शिक्षण घेत होत्या तेव्हा आईला पत्र लिहून पदार्थ विचारायच्या आणि आईच्या उत्तरांवरून शिकल्या! म्हणजे शिकवलं आईनेच ना.

कोकणी_माणूस
+१ ठाणे_वेस्ट. उकडीचे मोदक घ्या. पिठाएवढंच पाणी, मीठ, तूप, उकळी आली की पीठ घालायचं, झाकण, वाफ. एवढं टीव्हीवर मस्त कळतं. पण उकड गरम असतानाच मळायची असते, हाताला चटके बसत असतात, पारीच्या कडा चिरायला लागल्या म्हणजे अजून पाण्याचा हात हवा, हे शेजारी बसलेली आजी बोटाने दाबून सांगते. पडद्याला हात नसतो. प्रत्येक गणपतीत कुणीतरी व्हिडिओ बघून करतं आणि मोदक वाफवताना फुटतात.

रविवारची_कढई
आजी सगळ्यांच्या शेजारी असते का पण? शिकायला बाहेरगावी गेलेली मुलं, लहानपणी मुलगा म्हणून ओट्याजवळ येऊ न दिलेले आम्ही, आम्ही कुणाकडे जायचं?

आणि ताई, लेकीला पत्र लिहिणारी आई आणि टीव्हीवरचा माणूस यांत मला विरोध दिसत नाही, दोघंही दुरूनच शिकवतात. तरला दलाल बघा. पुण्यात जन्म, लग्नानंतर मुंबई, कुठल्या हॉटेलच्या शेफ नव्हत्या, १९६६ च्या सुमारास घरातच क्लास सुरू केले, पुढे टीव्हीवर आल्या आणि २००७ ला पद्मश्री. त्यांना बघताना शेजारच्या काकू शिकवतायत असंच वाटायचं. आमची आई पेन घेऊन बसायची, जाहिरात लागली की भराभर लिहून काढायची. त्या वहीत निम्म्या ठिकाणी माप राहून गेलंय, पण त्यातला बेक्ड व्हेज आमच्याकडे अजून होतो.

कांद्याच्या २५ मिनिटांचं मात्र शंभर टक्के बरोबर, ते स्क्रीनवर लिहून दाखवायलाच पाहिजे.

ठाणे_वेस्ट
मुलग्यांना ओट्याजवळ येऊ दिलं नाही हे मान्य, ते चुकीचंच होतं. पण मग जे शेफ तुम्हाला एवढे आवडतात त्यांनी भांडी आणि ओटाही शिकवायला हवा होता. संजीव कपूरांनी नुसतं एकदा कॅमेऱ्यासमोर कढई घासली असती ना, तर त्यांचं बघून तुमच्यासारख्या कितीतरी जणांनी घासली असती. तेवढं वजन होतं त्यांच्या शब्दाला, म्हणूनच माझी तक्रार आहे.